मागे नाव नसलेले ठसे

शनिवार, २२ नोव्हेंबर. नारायण पेठ, आपला बालवर्ग.

हजर: सोळा मुलं. त्यांच्या आया, दोन बाप, एक आजोबा. तुझी अदिती. मी.

येऊ न शकलेला: कबीर. दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या वडिलांची नागपूरला बदली झाली.

गैरहजर: तू. कारण न कळवता.

नंदाताई, एरवी मी हजेरी घ्यायला लागले की तू मागून म्हणायचीस, "वर्षा, हा बालवर्ग आहे, पलटण नाही." वीस वर्षं ऐकलं मी ते. आज कुणी म्हणालं नाही. मी यादी वाचून संपवली आणि उगाच पुन्हा पहिल्यापासून वाचली.

आजचा शनिवार तुझा होता. ओळखीचा शनिवार. तुझा तेरावा होऊन चार दिवस झालेत, तेव्हा तो पुढे ढकलावा असं दोघी-तिघींनी सुचवलं. मी नको म्हटलं. ठसे सुकून तयार होते, कडांना गेरू लावून झाला होता आणि मुलं रोज विचारत होती. पुढे ढकलणं हा प्रकार चार वर्षांच्या मुलाला समजत नाही. त्याला एवढंच कळतं की आईला द्यायची वस्तू गच्चीवर आहे आणि मोठी माणसं ती देऊ देत नाहीत.

तेव्हा निळ्या पट्ट्यांची सतरंजी अंथरली आणि तिच्यावर अठरा ठसे मांडले. सतरा आपल्या मुलांच्या हातांचे, अठरावा तुझ्या नातीचा, इराचा. आणि एकाच्याही मागे नाव नाही.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं असतं. ते तेराव्याला पुष्कळ बोलून झालं. तुझ्यावर भाषण करणाऱ्यांपैकी निम्म्यांना तू आयुष्यभर टाळत आलीस, तरी ते फार छान बोलले. मला ते जमत नाही, कारण मला तुझा राग आलाय. अदितीला मला दोन गोष्टी द्यायच्या होत्या. एक तिच्या मुलीच्या हाताचा ठसा. दुसरी तुझी एक गोष्ट, हॉस्पिटलमधली, जी फक्त मला ठाऊक आहे. दोन्ही आज द्यायच्या असं ठरवलं होतं. दोन्ही अजून माझ्याकडेच आहेत. पहिलीला सर्वस्वी तू जबाबदार आहेस. दुसरीचं पुढे लिहिते.

आपली ओळख झाली तीही अशाच एका शनिवारी. माझा सौमित्र तेव्हा तुझ्या वर्गात होता. मी नोकरी सोडून घरी बसले होते आणि त्याला सोडायला आले की दारातल्या चपला सरळ लावून जात होते. कुणी सांगितलं नव्हतं, पण एवढ्या चपला वेड्यावाकड्या पडलेल्या मला बघवत नसत. त्या शनिवारी तू सतरंजीवर ठसे मांडलेस आणि आम्हा आयांना म्हणालीस, "आपापल्या मुलाचा हात शोधा." सगळ्याजणी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी सरळ वाकले आणि सौमित्रचा उचलला. त्याची करंगळी पेराशी किंचित बाहेर वळलेली आहे, माझ्या सासऱ्यांसारखी. तू ठसा हातात घेतलास, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "पास. आणि अहो, रोज चपला लावताच आहात तर आतलंही आवरा की. पगार देईन."

अशी मी तुझ्याकडे लागले. तो ठसा आजही माझ्या स्वयंपाकघरात आहे, मिसळणाच्या डब्याच्या वर. सौमित्र आता सहा फूट आहे, हिंजवडीला जातो, रात्रीचं जेवण फोनवर मागवतो. त्याचा हात केवढासा होता हे मला त्या ठशामुळे माहीत आहे. याबद्दल मी तुझी ऋणी आहे. हे एकदा लिहून टाकते, म्हणजे पुढे रागावायला मोकळी.

तुझी पद्धत मला पाठ आहे. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या दारात बादल्या यायच्या. घरच्या शाडूच्या मूर्ती लोक घरीच बादलीत विसर्जित करतात आणि तळाशी बसलेला गाळ झाडांना घालतात. तू तो मागून आणायचीस. वरचं पाणी काढायचं, निर्माल्याच्या काड्या वेचायच्या, माती जुन्या धोतरात बांधून टांगायची. मग तिच्यात भिजवलेल्या कागदाचा लगदा, म्हणजे सुकताना तडकत नाही. मुलांनी ती तिंबायची. "हात मळले" अशी तक्रार करणारं एखादं पोर दरवर्षी असायचंच, आणि तू त्याच्याचकडे सगळ्यात मोठा गोळा द्यायचीस.

एका वर्षी कुणाचे तरी आजोबा चिडून आले होते. मूर्तीची माती, तिच्यावर पोरांनी थापट्या मारायच्या, हे शोभतं का म्हणून. तू हात पुसत बाहेर आलीस. "आजोबा, अगदी बरोबर आहे तुमचं. गेल्या वर्षी तुमच्या घरची बादली मोरीत ओतताना मी बघितलं होतं. यंदा तिथेच ओता, मी मागायला येणार नाही." दुसऱ्या दिवशी त्यांची बादली सगळ्यात आधी आली, वर फडकं बांधून.

माती लाटण्याने लाटायची, वाटीने गोल चकती पाडायची आणि मग एकेका मुलाला तू मांडीवर घ्यायचीस. एका वेळी एकच मूल. बाकीची माझ्या ताब्यात, आणि ती काय करत असत ते सोड. तू त्याचा हात चकतीवर ठेवायचीस, वर आपला हात ठेवायचीस आणि म्हणायचीस, "आता आईला काय सांगायचं ते मनात सांग. झालं की मला सांग." काही मुलं लगेच झालं म्हणायची. काही इतका वेळ लावायची की मी घड्याळ बघायला लागायचे. तू नाही कधी बघितलंस.

माझं एकच म्हणणं होतं: मागे नाव घाल. ओली माती असते, खिळ्याने दोन अक्षरं कोरायची. किती वेळ लागतो?

"वेळ लागत नाही, म्हणूनच नको," तू म्हणायचीस. "नाव घातलं की आया नाव वाचतात. हात बघतच नाहीत."

"अगं, पण चुकले तर?"

"मी आहे ना."

हेच. या तीन शब्दांवर आपण वीस वर्षं काढली. कुणी चुकीचा ठसा उचलला की तू मान हलवायचीस, "हा नाही. परत बघा." बरोबर उचलला की "पास." तुला खरोखरच सगळे ओळखू यायचे. मी अनेकदा मुद्दाम जागा बदलून बघितलं होतं. डोळे मिटून बोट फिरवायचीस आणि सांगायचीस. मला त्याचं कौतुक होतं आणि त्याची भीतीही वाटायची. एखादा कारखाना एकाच माणसाच्या डोक्यात चालावा, तशी भीती. मी दरवर्षी म्हणायचे, निदान माझ्यासाठी तरी एक यादी ठेव. तू हसायचीस.

अन्वीची आई तुला आठवत असेल. मला तर आठवतेच. हिंजवडीहून कंपनीची बस चुकवून, रिक्षाने धापा टाकत आलेली, खांद्याला लॅपटॉपची बॅग तशीच. सगळ्याजणींचे ठसे उचलून झाले होते, तीन-चारच उरले होते. तिने एक उचलला. "हा नाही. परत बघा." तिने दुसरा उचलला. "हाही नाही." ती हसायचा प्रयत्न करत होती. अन्वी शेजारी उभी राहून म्हणत होती, "मम्मा, यू डोंट नो माय हँड?" तिसऱ्या वेळी तिने ठसा खाली ठेवला आणि आत मोरीत जाऊन रडली. नळ सोडून रडली, पण ऐकू आलं सगळ्यांना.

सगळे गेल्यावर मी तुला म्हणाले, "तू तिला नापास केलंस. सगळ्यांसमोर. भेटवस्तू होती ना ती? मुलाने आईला द्यायची? तिची परीक्षा कुणी घ्यायला सांगितली होती तुला?"

"मी कुणाला नापास करत नाही."

"मग कोण करतं? ती बाई सकाळी सातला घर सोडते. तुला काय माहीत तिचा दिवस कसा जातो? घरी बसून दुसऱ्यांच्या पोरांचे हात धरणं सोपं असतं!"

तेव्हा पहिल्यांदा मी तुला 'तू' म्हणाले. त्याआधी 'अहो बाई' म्हणायचे. भांडताना अहो सुटलं ते सुटलंच, आणि आपण दोघींनीही ते परत लावलं नाही. त्या भांडणातली चांगली गोष्ट म्हणायची तर तेवढीच. अन्वीला तिच्या आईने पुढच्याच महिन्यात दुसरीकडे घातलं. ते मी आजही बरोबर समजते. तू कधी त्याबद्दल बोलली नाहीस. चूक झाली म्हणाली नाहीस आणि नाही झाली असंही म्हणाली नाहीस. पुढच्या वर्षी पुन्हा बिननावाचे ठसे मांडलेस. वाद तिथेच राहिला आहे, नंदाताई. मी तुझ्या फोटोला हार घातला म्हणून तो संपलेला नाही.

आता अदिती.

तिचा स्वतःचा ठसा नाही. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. मला तिच्याकडून कळलं, तेही अशा सुरात की पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. तू हे ठसे सुरू केलेस तेव्हा ती सात वर्षांची होती. वर्गातल्या मुलांचे झाले की तुझा घेते, असं तू तिला म्हणालीस. माती संपली. पुढच्या वर्षी ती आठ वर्षांची झाली. घरचंच पोर, कधीही घेता येईल, असं म्हणता म्हणता ते पोर बंगळुरूला गेलं, तिथेच लग्न केलं आणि दिवाळीला फोन करायला लागलं. "मावशी," ती एकदा मला म्हणाली होती, "पेठेतल्या निम्म्या भिंतींवर माझ्या आईने घेतलेले हात टांगलेत. मला सांगा, माझा कुठे आहे?"

यंदा दिवाळीच्या आधी तिचं पुण्यात ऑफिसचं काम निघालं. दोन दिवस. इराला तिने तुझ्याकडे सोडलं, पहिल्यांदाच एकटीला. तू त्या दोन दिवसांत वर्गातलं दुसरं काही केलं नाहीस. इराला मांडीवर घेतलंस. "आता आईला काय सांगायचं ते मनात सांग." इराने इतका वेळ लावला की बाकीची मुलं कंटाळून माझ्या अंगावर चढली. तिच्या हातावर तुझा हात होता आणि तू डोळे मिटून बसली होतीस. मी तेव्हाही म्हणाले, "हिचं तरी नाव घाल. ही इथली नाही, परत येईल न येईल."

"अदिती ओळखेल," तू म्हणालीस. "तिला ओळखायला लावणार आहे मी."

मला तेव्हा राग आला नाही. आज येतो. तुझ्या त्या वाक्याचा आज मला सगळ्यात जास्त राग येतो.

पोटात दुखतं हे तू केव्हापासून लपवत होतीस? नवरात्रात तू जिना चढताना थांबलीस तेव्हा मी विचारलं, तर "पित्त झालंय." चकत्या गच्चीवर नेताना खाली बसलीस, तर "दिवाळीनंतर दाखवते." तू दिवाळीनंतर दाखवलंस, नंदाताई. तेव्हा डॉक्टरांना बघण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. अदितीला कळवू नकोस म्हणालीस. तिची कामं असतात, उगाच धावपळ. मी दोन दिवस तुझं ऐकलं, तिसऱ्या दिवशी फोन केला. तिने मिळेल ते विमान पकडलं. ती पोचली तेव्हा तुझ्या पलंगावरची चादर बदलून झाली होती.

आता आजचं सांगते.

सोळा मुलं आणि त्यांच्या घरची माणसं. मी सगळ्यांना आधीच सांगितलं, आज पास-नापास नाही, घाई नाही, अडेल तिथे आपण मिळून बघू. माझी योजना साधी होती: प्रत्येक मुलाने हात ठशावर ठेवायचा, बसला की झालं. योजना पहिल्या पाच मिनिटांत कोसळली. शाडू सुकताना आकसते. एकाही मुलाचा हात स्वतःच्या ठशात बसेना. बसत होता तो दुसऱ्याच्या ठशात. शिवाय प्रत्येकाला सगळ्यात मोठा ठसा आपलाच वाटत होता. "माझा हा! मी स्ट्राँग आहे!" असं म्हणत तिघांनी एकच चकती ओढली, ती मी वेळीच सोडवली.

मग आयाच खाली बसल्या. मी बघत होते. कुणी मुलाचा हात उलटा करून तळवा बघत होती, कुणी बोटांची लांबी. मीही बसले. मी रोज या मुलांचे हात धुते. साबण लावते, नखं बघते. मला वाटलं होतं, मला निम्मे तरी येतील. सहा आले. रुद्रचा अंगठा, कारण तो चोखून चपटा झालाय. सान्वीची आखूड बोटं. बाकीचे नुसते हात. माझ्या डोळ्यांसमोर आणि मला परके.

एक आजोबा आले होते, आर्याचे. ते कुणाशी न बोलता सतरंजीभोवती फिरले आणि एक उचलून म्हणाले, "ही." मी विचारलं, "कशावरून?" तर म्हणाले, "रोज शाळेत आणताना हीच बोटं धरतो हो. मधलं बोट आणि तर्जनी, एवढीच धरू देते ती." ठशात ती दोन बोटं जरा जवळ जवळ होती. तू असतीस तर "पास" म्हणाली असतीस. मला ते म्हणता आलं नाही. मी नुसती मान हलवली.

दीड तास लागला. सोळाच्या सोळा घरी गेले. बरोबर गेले का, मला माहीत नाही. कुणालाच कळणार नाही, कधीच. माझ्यासारख्या बाईला हे काय वाटत असेल, ते तुला कळतंय ना? मी डब्यांवर चिठ्ठ्या लावणारी बाई आहे.

उरले दोन. एक कबीरचा, एक इराचा. दोन्ही साधारण सारखेच. कबीरच्या आईला मी फोटो पाठवला होता. तिचं उत्तर आलं, "मावशी, खरं सांगू? दोन्ही त्याचेच वाटतात हो." आणि पुढे एक रडकं तोंड.

अदिती इतका वेळ खिडकीपाशी उभी होती. हातात फोन, पण बघत नव्हती. मी तिला म्हणाले, "ये, बघ. दोनच राहिलेत."

ती आली. उभीच राहिली. वाकली नाही.

"मावशी, मी नाही शोधणार."

"अगं, दोनातला एक."

"तेच. आईने मला यासाठीच तर हे करून ठेवलंय. दोन दिवस मुलगी सोडली तर परीक्षा काढून ठेवली माझी. मी नाही देणार. तुम्ही कुठलाही द्या, मी इराला सांगेन तुझाच आहे."

मला देता आला असता. व्यवहाराच्या दृष्टीने तेच योग्य होतं. तिला ठसा मिळाला असता, कबीरच्या आईला ठसा मिळाला असता, दोघी खूश, काम संपलं. मी एक उचललासुद्धा. आणि परत ठेवला. का, ते सांगता येणार नाही. तुझ्यामुळे, बहुतेक. वीस वर्षांत एवढं नुकसान तू माझं केलं आहेस.

"कुठलाही नाही देणार," मी म्हणाले. "इराचाच देईन. तिचा हात कागदावर ठेवून पेन्सिलीने रेघ ओढ आणि मला पाठव. मी मोजून बघते."

ती हसली. तुझ्यासारखी हसते ती, एका गालाने. "आई असती तर कागद लागला नसता ना? तिला खरंच यायचे सगळे ओळखता?"

"यायचे. डोळे मिटून."

मग तिने विचारलं. आवाज अजिबात चढवला नाही तिने. टॅक्सी किती वाजता येणार हे विचारावं, तसं विचारलं.

"माझा आला असता? डोळे मिटून माझा हात दिला असता तिच्या हातात, तर ओळखला असता तिने?"

नंदाताई, त्याचं उत्तर जगात फक्त माझ्याकडे आहे. आणि मी ते दोन ठसे सतरंजीवर सरळ लावत बसले. टॅक्सी आली. तिने मला वाकून नमस्कार केला, मी "सावकाश जा" म्हणाले आणि ती विमानतळावर गेली.

ती दुपार अशी होती. मी वर्गावरून थेट हॉस्पिटलमध्ये आले होते. त्या दिवशी मी एकटीने सगळ्या चकत्या उलटवल्या होत्या, कडा ओल्या फडक्याने पुसल्या होत्या. हात धुऊन आले होते, पण गार पाण्याने, आणि ते अजून गारच होते. तू डोळे मिटून पडली होतीस. मी पलंगाशी बसले, तुझा हात हातात घेतला. तुझं बोट माझ्या तळव्यावरून फिरलं. तसंच, ठशावर फिरवायचीस तसं. हळू, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. मग तू म्हणालीस, "अदू, आलीस? केवढा गार हात गं तुझा."

तू चुकलीस. अठरा अठरा हात डोळे मिटून सांगणारी तू, आणि चुकलीस. तुला औषधं दिली होती, मला माहीत आहे. पण मी तुझ्याशेजारी वीस वर्षं माती तिंबली, तुला माझाही हात ओळखू आला नाही आणि तिचाही. आधी मला हेच सुचलं, आणि ते मला लागलं. एवढं लागलं की मी क्षणभर सांगणार होते, अगं मी वर्षा. चुकीचं नाव मी कधी खपवून घेत नाही, तुला माहीत आहे.

तू वाट बघत होतीस. डोळे मिटलेलेच, पण चेहरा माझ्या बाजूला वळलेला. बोटं थांबलेली.

मी म्हणाले, "हो, आई."

तू हात दाबलास. बस, एवढंच. त्यानंतर तू कुणाशी बोलली नाहीस. अदितीचं विमान तेव्हा सुटलंही नव्हतं.

आता हे मी तिला कसं सांगू? सांगितलं तर तिला कळेल की तू तिचीच वाट बघत होतीस, दुसऱ्या कुणाची नाही. आणि त्याच वाक्यात हेही कळेल की तिचा म्हणून तू ज्याला घट्ट धरलंस तो हात माझा होता. तिच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आहे आणि 'हो'ही आहे, आणि हे दोन्ही एका फोनमध्ये बसवायचं काम तू माझ्यावर टाकून गेलीस. शिवाय तुला भेटायची तिची शेवटची वेळ मी वापरली. तू मला ती दिलीस, मी घेतली. यात चूक कुणाची, हे मी दोन आठवडे ठरवते आहे. मला वाटतं, तुझी. मग वाटतं, कुणाचीच नाही, आणि तेव्हा राग ठेवायला जागा सापडत नाही.

एक कबूल करते, तेही तुझ्या बाजूने. मी 'हो, आई' म्हणाले तेव्हा मला कळलं, नाव न घालता वस्तू देणं म्हणजे काय ते. अन्वीच्या आईबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही. ते तसंच लिहून ठेव, जिथे असशील तिथे.

संध्याकाळी वर्ग झाडला. सतरंजी घडी करून माळ्यावर टाकली. उरलेली माती डब्यात घालून वर ओलं फडकं बांधलं. डब्यावर 'शाडू' अशी चिठ्ठी लावली आहे, त्याबद्दल ओरडू नकोस. कबीरचा आणि इराचा ठसा तुझ्या कपाटात, मऊ टॉवेलवर शेजारी शेजारी ठेवलाय. दोघांच्या मागची जागा कोरी आहे.

आजच्या यादीतलं बाकी सगळं झालं. एकच ओळ राहिली आहे, अदितीला फोन. विमान उतरलं असेल आता. इराचा हात कागदावर काढून पाठव, एवढं तरी आधी बोलता येईल, आणि मग दुसरं. फोन समोर ठेवलाय. बोटांना माती लागली आहे, ती आधी धुवायला हवी.